विहिरीकडे वळलेली चाकं

माझं लग्न होऊन मी जबलपूरला आले त्या वर्षी फौजेच्या कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या चालू होत्या. लढाई लागणार असं जो तो म्हणत होता. ती लागली डिसेंबरात. मी सांगते ती गोष्ट त्याच्या महिनाभर आधीची आहे. आमचे हे सकाळी सहाला सायकल काढायचे ते संध्याकाळी सात-साडेसातला परत यायचे. जेवायचे आणि भिंतीला टेकल्या टेकल्या डोळे मिटायचे. रविवारची सुटीही बंद झाली होती. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. त्यामुळे दिवसभर घरात आम्ही दोघंच, मी आणि माझे सासरे. त्यांना मी मामंजी म्हणायची.

मामंजी त्याच कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले होते, अजून पिकला नाही, पिकला की काढू. तोवर उजेड कुठे आहे आणि सावली कुठे आहे एवढंच त्यांना कळायचं. तरी मी त्यांच्यासमोर कपाळापर्यंत पदर ओढून वावरायची, कारण आईनं तसं सांगून पाठवलं होतं. तेही माझ्याशी थेट बोलायचे नाहीत. पाणी हवं असलं तर समोरच्या दाराला सांगावं तसं म्हणायचे, "पाणी मिळेल का." मी पेला ठेवायची, ते चाचपून उचलायचे. सात महिन्यांत आमचं याहून फारसं बोलणं झालं नव्हतं. मला त्यांची भीती वाटत नव्हती. पण त्यांच्या घरात आपण पाहुणे आहोत असं वाटायचं, आणि पुढे कळलं की त्यांनाही घरात तसंच वाटून राहिलं होतं.

आम्ही राहायचो सिव्हिल लाइन्समध्ये, एका वकिलांच्या बंगल्यामागच्या दोन खोल्यांत. आवार मोठं होतं. मध्ये विहीर, विहिरीपाशी चिंच, आणि चिंचेखाली एक गाडी. तिला सगळे घरगाडी म्हणायचे. खालून ती ट्रक होती, लांब नाकाची, गोल दिव्यांची. आणि वर चक्क एक खोली होती. लाकडी फळ्यांच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, दोन्ही बाजूंना दोन-दोन खिडक्या, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे, मागे दार आणि चढायला तीन पायऱ्या. आधीच्या मोठ्या लढाईत ती कुणा इंग्रज अफसराची फिरती कचेरी होती म्हणे. लढाई संपल्यावर लिलावात निघाली, तेव्हा रेल्वेतल्या एका गार्डसाहेबांनी ती घेतली, आत पलंग आणि टेबल बसवलं, कपबशांचं कपाट केलं. सुटी मिळाली की ते आणि त्यांची बायको त्या गाडीतून कधी भेडाघाटला, कधी पचमढीला जाऊन राहायचे.

गार्डसाहेब जाऊन चार वर्षं झाली होती. गाडी तेव्हापासून जागची हलली नव्हती, आणि त्यांची बायको तिच्यातच राहत होती. तिला आम्ही मेमसाब म्हणायचो. गोरी होती, फ्रॉक घालायची, पण जन्म इथलाच. विलायत तिनं कधी पाहिली नव्हती. हिंदी आमच्यापेक्षा सफाईदार बोलायची. सत्तरीच्या आसपासचं वय असेल. पायरीवर बसून जवानांसाठी लोकरीच्या कानटोप्या विणत असायची.

एक दिवस एक ओव्हरसियर दोन माणसं घेऊन आवारात आला आणि त्यानं चुन्यानं रेघ मारली. हवाई हल्ला झाला तर लपायला खंदक खणायचा होता, बंगल्यासाठी आणि शेजारच्या कचेरीसाठी मिळून. रेघ नेमकी घरगाडीच्या खालून गेली. एकीकडे विहीर, दुसरीकडे कचेरीची भिंत, म्हणून खंदक दुसरीकडे सरकवता येत नव्हता. ओव्हरसियर वाईट माणूस नव्हता. दहा दिवस देतो म्हणाला, तोवर गाडी हलवा. नाही हलली तर गॅसनं कापून तुकडे बाजूला करावे लागतील.

ट्रक लावून ओढावी, तर पुढची दोन्ही चाकं विहिरीकडे वळलेली, आणि स्टिअरिंग जाम. तसूभर फिरत नव्हतं. त्या स्थितीत ओढली असती तर गाडी सरळ विहिरीच्या कठड्यावर गेली असती. दोन मिस्त्री येऊन बघून गेले. एक म्हणाला, लांब पाइप लावून जोर मारू. दुसरा म्हणाला, कापूनच टाका, या गाडीचे पार्ट आता मिळतात कुठे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मेमसाब आमच्या दाराशी आली. आत आली नाही. उंबऱ्यापाशी उभी राहून म्हणाली, "मिस्त्रीजी, आप एक बार हाथ लगा के देख लीजिए." मामंजी खाटेवर बसले होते. ते म्हणाले, मला दिसत नाही आता. ती म्हणाली, ते माहीत आहे. एवढं बोलून ती गेली.

मी स्वयंपाकाला लागले. मागून आवाज आला, "सूनबाई." त्यांनी मला अशी हाक पहिल्यांदाच मारली. म्हणाले, "मला जरा तिकडं नेशील का?"

मी त्यांचा हात धरला. तोही पहिल्यांदाच. हात कोरडा आणि जड होता. आवार ओलांडायला आम्हाला बराच वेळ लागला, कारण मला माणसाला धरून न्यायची सवय नव्हती. मी कधी पुढे ओढायची, कधी मागे राहायची. शेवटी तेच म्हणाले, तू सरळ चाल, मी तुझ्या खांद्यावर हात ठेवतो. तसं सोपं गेलं.

गाडीपाशी आल्यावर त्यांनी बॉनेटवर हात फिरवला, दिव्यावर, मडगार्डवर. मग चाकाशी उकिडवे बसले. गार्डसाहेबांची हत्यारं पलंगाखालच्या पेटीत होती, तेलाच्या कापडात नीट गुंडाळलेली. मामंजी एकेक पाना हातात घेऊन त्यावरचा कोरलेला आकडा बोटानं चाचपून ओळखत होते. पण मग खाली वाकून नट शोधायला लागले, तेव्हा पाना दोनदा घसरला आणि बोट सोलून निघालं. त्यांनी बोट तोंडात घातलं आणि तसेच बसून राहिले. मी म्हटलं, "मामंजी, मी लावू का? तुम्ही सांगा." पदर मला आड यायला लागला होता, मी तो कमरेला खोचला.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडून पुढचा भाग जॅकवर उचलवला आणि चाकांकडे जाणारा दांडा सोडवून घेतला. ते काम एका वाक्यात लिहिलं जातं. मला चार तास लागले. पान्यावर पाय देऊन मी उभी राहिले तेव्हा कुठे नट सुटला. मग त्यांनी चाक हातानं ढकलायला सांगितलं. चाक वळलं. मी आनंदून म्हटलं, सुटलं. ते म्हणाले, "सुटलं नाही. दोष चाकात नाही, एवढं कळलं."

मला वाटलं, मग दांडा सोडलेलाच ठेवून गाडी ओढून नेता येणार नाही का. तसं विचारलं. त्यांनी माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं, म्हणजे खरंच दिलं, शिकवायला बसल्यासारखं. दांडा नसला की चाकं कुणाच्या ताब्यात राहत नाहीत, वाटेल तिकडे वळतात. फाटक अरुंद आहे आणि फाटकातून निघताच रस्ता उजवीकडे मुरडतो. तिथं गाडी भिंतीत जाईल. घरी माझ्या वडिलांनीही मला कधी कशाचं कारण सांगितलं नव्हतं, कर म्हणायचे. त्या दिवशी परतताना मी त्यांना आणखी दोन प्रश्न विचारले.

दुसऱ्या दिवशी दोष शोधला. आधी खालचा स्टिअरिंगचा डबा उघडला. आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं, ते मी चमच्यानं खरवडून काढलं आणि डबा रॉकेलनं धुतला. तरी स्टिअरिंगचं चक्र फिरेना. मग मामंजी चालकाच्या जागेवर चढून बसले, खाली जिथे चक्राचा दांडा नळीत शिरतो तिथे दोन बोटं ठेवली आणि मला चक्रावर हळू जोर द्यायला सांगितलं. एकदा इकडे, एकदा तिकडे. डोळे मिटून बसले होते. नंतर म्हणाले, दांडा वरच धरला आहे. नळीच्या तोंडाशी पितळेचा बुश असतो, त्यातून दांडा फिरतो. तिथेच गंज बसला आहे. वर चाचपून बघ, छप्पर गळत असेल. मी हात लावला. काचेच्या वरच्या पट्टीचं लाकूड कुजलं होतं, आणि तिथून चार पावसाळ्यांचं पाणी चक्रावर आणि चक्रावरून खाली उतरत आलं होतं.

"पाइप लावून जोर मारला असता तर?" मी विचारलं.

"दांडा पिळला गेला असता. मग कुणीच काही करू शकलं नसतं."

पुढचे पाच दिवस आम्ही जे केलं ते सांगण्यासारखं नाही, इतकं थोडं होतं. अर्धं रॉकेल आणि अर्धं जुनं ऑइल मिसळून, मामंजींच्या डोळ्यांच्या औषधाच्या रिकाम्या ड्रॉपरनं मी ते बुशाच्या कडेनं थेंब थेंब सोडायची. सकाळी, दुपारी आणि उन्हं कलताना. मधल्या वेळात मेमसाबच्या स्टोव्हवर पाणी उकळायचं, गोणपाट त्यात बुडवून पिळून नळीभोवती गुंडाळायचं, थंड झालं की काढायचं. तापलं की लोखंड जरा पसरतं, निवलं की आवळतं, आणि तेवढ्यात तेल आत सरकतं, असं मामंजी म्हणाले. मग लाकडी हातोडीनं नळीवर हलके ठोके. शंभर. मोजून. मग चक्रावर पोळीची कणीक मळताना लावतो तेवढा जोर, दोन्हीकडे. त्याहून जास्त नाही.

या पाच दिवसांत रिकामा वेळ पुष्कळ होता. काचेवरची कुजलेली पट्टी काढून मी तिथे नवी पट्टी स्क्रूनं बसवली. गोणपाट निवेपर्यंत काय करणार. मेमसाब उकडलेले शिंगाडे आणून ठेवायची, आम्ही तिघं सोलत बसायचो. मामंजी बोलायला लागले. कारखान्यात पहिल्या दिवशी हातोडी पायावर पाडून घेतली ते सांगितलं. सासूबाईंना शिंगाड्याची भाकर फार आवडायची हे सांगितलं. मला विचारलं, तुझं शिक्षण किती झालं. मी म्हटलं, आठवी. म्हणाले, "काहून सोडलं?" मी म्हटलं, लग्न ठरवायला लागले. त्यांनी मान हलवली ती मला आवडली.

काम सुरू केल्यापासून पाचव्या दिवशी यांची पाळी लवकर सुटली. हे सायकल हातात धरून आवारात आले तेव्हा मी गाडीखाली होते. माझे पाय तेवढे बाहेर दिसत असतील. हे न थांबता सरळ घरात गेले. संध्याकाळी जेवताना बोलले, माझ्याशी नाही, मामंजींशी. कचेरीतले लोक बघून राहिले आहेत, हसून राहिले आहेत. सहा-सात महिने झाले तिला घरात येऊन, आणि तुम्ही तिला मिस्त्री केलं. मी स्वतः एक दिवस येऊन पाइप लावून ते फिरवून देतो, नाहीतर तोडतो, पण हे बंद करा. खरं म्हणजे हे फार थकलेले होते. बारा तास उभं राहून आलेला माणूस. मला ते तेव्हाही कळत होतं, तरी भाकरी तव्यावर करपू दिली.

मामंजींनी अर्धं जेवण टाकलं आणि उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, मामंजी, चला. ते म्हणाले, नको. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले.

मी एकटीच गेले. तेल सोडलं, पाणी तापवलं, गोणपाट गुंडाळलं. मेमसाबनं काय झालं ते विचारलं नाही. मी ठोके मोजायला लागले. चाळीस-पन्नास झाले असतील तेव्हा विहिरीपाशी बादली पडल्याचा आवाज आला. बघते तर मामंजी. भिंत धरून, मग हवेत हात पुढे करून, एकटेच आवार ओलांडत आले होते. विहिरीच्या कठड्यापासून दोन हातांवर. मी धावत जाऊन धरलं. म्हणाले, "ठोके चुकीच्या जागी पडून राहिले. आवाज बसका येतो. जरा वर मार."

त्यांना पायरीवर बसवलं. मेमसाब आत चहा करत होती. ते हळू आवाजात मराठीत बोलले, तिला कळू नये म्हणून.

"गार्डसाहेबानं मला सांगितलं होतं. मिस्त्रीजी, स्टिअरिंग जड जातं, एकदा बघून द्या. मी म्हटलं, पावसाळ्यानंतर बघू. मला काही काम नव्हतं, सूनबाई. डोळ्याला अंधुक दिसायला लागलं होतं आणि ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून म्हटलं. पावसाळ्यात साहेब गेला. मी तिकडं फिरकलो नाही मग."

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. मी फक्त हातोडी त्यांच्या हातात दिली आणि त्यांचा हात धरून नळीवर जिथे ठोकायचं तिथे ठेवला. उरलेले ठोके त्यांनी मारले.

त्या दिवशीही काही हललं नाही. घरी आले तर हे आधीच आलेले, मोरीपाशी उभे. मी हात मागे लपवले. माझ्या बोटांच्या रेघारेघांत काळं ग्रीस बसलं होतं, साबणानं निघत नव्हतं, आणि त्या हातांनी केलेली पोळी यांनी खावी की नाही हाच विचार माझ्या मनात होता. हे म्हणाले, दाखव. मग वखारीतून आणलेला लाकडाचा भुसा एका वाटीत काढला, त्यात साबणाचा कीस आणि थोडं पाणी घातलं आणि माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन चोळायला लागले. कारखान्यात आम्ही असेच धुतो, म्हणाले. एकेक बोट वेगळं. मग खोबरेल लावलं. हात धुऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, बाबा काय म्हणतात, सुटेल का? मी म्हटलं, सुटेल म्हणतात. "मग सुटेल," हे म्हणाले.

सुटलं ते पुढच्या दिवशी दुपारी, तीनच्या सुमाराला. मी चक्र डावीकडे दाबत होते, मग उजवीकडे. मला काहीच जाणवलं नाही. मामंजी बाहेर पायरीवर बसले होते, दहा हात लांब, आणि तिथून म्हणाले, "थांब."

मी थांबले.

"आता परत तेच कर. हळू."

या वेळी मलाही ऐकू आलं. कट् असा बारीक आवाज, सुपारी फुटावी तसा. चक्र तांदळाच्या दाण्याएवढं सरकलं असेल. मी जोर लावणार तेवढ्यात मामंजी म्हणाले, पुढे नेऊ नको, मागे आण, आणि तेल सोड. दाण्याएवढं पुढे, दाण्याएवढं मागे. मग बोटभर, मग चार बोटं. प्रत्येक वेळी तेल सोडायचं, आणि बुशातून तांबडा चिखल बाहेर यायचा, तो फडक्यानं पुसायचा. तासाभरानं चक्र पाव फिरलं. उन्हं उतरायला लागली तेव्हा ते पूर्ण फिरलं, एकदा, दोनदा, तीनदा. मी सोडलेला दांडा परत जोडला, मामंजींनी सगळे नट हातानं तपासले, आणि मग त्यांनी मेमसाबला हाक मारली. ती चढून बसली आणि तिनं चक्र फिरवलं. पुढची चाकं विहिरीकडून हळूहळू फाटकाकडे वळली. तिनं चक्रावर कपाळ टेकलं आणि बराच वेळ तशीच राहिली. मामंजींना दिसत नव्हतं; त्यांनी मला विचारलं, काय झालं? मी म्हटलं, बसल्या आहेत. ते म्हणाले, बसू दे.

गाडी न्यायची होती सदरला, म्हणजे छावणीतल्या बाजारात. तिथे मेमसाबच्या एका मैत्रिणीची बेकरी होती आणि बेकरीमागे मोकळी जागा. यांची पाळी तोवर रात्रीची झाली होती. सकाळी कामावरून सुटून हे झोपायला न जाता एका ओळखीच्या ट्रकवाल्याला घेऊन आले. टायरांत हवा भरली; चारांतले तीन टिकले, चौथ्याला दुसरा घातला. ट्रक आणि घरगाडी यांच्यामध्ये जाड वासा बांधला. चक्र कुणी धरायचं हा प्रश्न आला तेव्हा हे पुढे झाले, पण मेमसाब आधीच चढून बसली होती. म्हणाली, "इसको मैं जानती हूँ." मामंजी तिच्या शेजारी बसले. मी आत पलंगावर, कपबशांच्या कपाटाचं दार दोन्ही हातांनी दाबून.

फाटक आलं. तिनं गाडी अशी वळवली की भिंतीला फक्त बोगनवेल घासली, थोडी फुलं खिडकीतून माझ्या मांडीवर पडली. मग रस्ता लागला. मी आयुष्यात पहिल्यांदाच घरात बसून रस्ता मागे जाताना बघत होते. पडदे हलत होते, भिंतीवरचं घड्याळ हलत होतं. छावणीच्या वळणावर एका लष्करी शिपायानं आम्हाला थांबवलं. समोरून फौजी ट्रकांची रांग चालली होती, स्टेशनकडे. किती तरी ट्रक. त्यातली मुलं माझ्या वयाची, काही माझ्याहून लहान वाटणारी. पडदेवाली गाडी बघून ती हसायला लागली, एकदोघांनी हात हलवले. मेमसाबनंही हात हलवला, मग पिशवीतून विणलेल्या कानटोप्या काढून शिपायाला दिल्या आणि म्हणाली, या त्यांना पोचवा. तो घ्यायला कांकूं करत होता; पण त्यानं घेतल्या. रांग संपेपर्यंत आम्ही तिथेच होतो. मामंजी ट्रकांच्या आवाजाकडे कान लावून बसले होते. कुठल्या गाडीचं इंजिन नीट नाही ते हळूच सांगत होते.

सदरला पोचेस्तोवर दुपार झाली. बेकरीवालीनं आम्हाला ताजा पाव आणि चहा दिला. हे तिथेच बाकावर बसल्या बसल्या झोपले.

लढाई लागली तेव्हा आमच्या आवारात खंदक तयार होता. खिडक्यांना काळा कागद चिकटवला होता. भोंगा वाजला की मी मामंजींना धरून उतरायची. माझ्या खांद्यावर त्यांचा हात, आता कुणी अडखळत नव्हतं. खंदकातल्या मातीला ओला वास यायचा. जबलपूरवर काही पडलं नाही. पंधरा दिवसांत लढाई संपली, पण बारा तासांच्या पाळ्या त्यानंतरही बरेच दिवस चालू राहिल्या. कागद खरवडून काढायला मला दोन दिवस लागले.

पुढच्या थंडीत मामंजींचा मोतीबिंदू काढला. पट्टी सुटली आणि जाड भिंगांचा चष्मा मिळाला त्या दिवशी हे त्यांना इस्पितळातून घेऊन आले. मी दारात उभी. पदर डोक्यावरून केव्हाच गेला होता, तो त्या दिवशी पुन्हा घ्यावा की काय असं झालं. मामंजींनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "मला वाटलं होतं, तू उंच असशील."

हे हसले, मग आम्ही सगळेच हसलो.

आठ दिवसांनी त्यांना सदरला जायचं होतं. मी आणि ते रिक्षानं गेलो. घरगाडी बेकरीच्या मागे उभी होती, छप्पर नवं रंगवलेलं, चाकांखाली विटा. ती त्यानंतर कधी हलली नाही, आणि हलवायची वेळही आली नाही. मेमसाब आणखी अकरा वर्षं तिच्यात राहिली. त्या दिवशी तिनं आम्हाला आत बसवलं. मामंजी आधी पुढे जाऊन चालकाच्या जागेशी वाकले आणि बुश, नळी, पट्टी सगळं बघून आले. परत आल्यावर मला म्हणाले, पट्टीचा एक स्क्रू तू तिरका बसवला आहेस. मी म्हटलं, काढून सरळ बसवू का. ते म्हणाले, राहू दे, धरला आहे ना.

चहा झाला. खिडकीतून पावाचा वास येत होता आणि ऊन पलंगावर पडलं होतं. मामंजींना बोलता बोलता झोप लागली, चष्म्यासकट. मेमसाबनं हलक्या हातानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग लोकरीची लडी माझ्या दोन्ही हातांवर चढवली, आणि ते उठेपर्यंत आम्ही दोघी गुंडाळत बसलो.